विचारणाऱ्याचे ऋण

सरकारी नोकरीत ज्याची दहापंधरा वर्षे गेली आहेत, त्याला 'संबंधितांचे अभिप्राय मागविण्यात आले' या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. टिपणीत हे वाक्य नेमके कोठे येते, ते येण्यापूर्वी काय काय ठरून गेलेले असते आणि ते येऊन गेल्यावर काय काय बदलत नाही, हे त्याला पाठ असते. तरीही ते वाक्य टिपणीत असावेच लागते. नसले तर कागद वरून परत येतो. ज्या अर्थी ते असावेच लागते, त्या अर्थी लोकांना विचारल्यावाचून त्यांच्यासाठी काही करून टाकणे गैर आहे, असे कोणाला तरी एके काळी मनापासून वाटले असले पाहिजे. त्या वाटण्याच्या मुळाशी काय होते, आणि विचारणारा माणूस विचारण्याच्या क्रियेने स्वतःवर नेमके काय ओढवून घेतो, एवढाच प्रश्न मला येथे चाळावयाचा आहे.

उदाहरण मी मुद्दामच लहान घेतो. धरण, पुनर्वसन, रेल्वेमार्ग असा मोठा विषय घेतला की आपापले पक्ष आधीच ठरलेले असतात आणि विचाराला फारसे काम उरत नाही. म्हणून स्केटबोर्ड घेऊ. चार चाके लावलेली एक लाकडी फळी, तीवर उभे राहून तोल सांभाळीत धावणारी मुले, आणि त्यांच्यासाठी सिमेंट काँक्रीटचे उतार, पायऱ्या, कठडे व वाडग्यासारखे खोलगट भाग करून बांधलेली जागा, म्हणजे स्केटपार्क. हा खेळ पोरकट वाटून ज्यांच्या कपाळाला आठी पडेल, त्यांच्यासाठी सांगतो की 2020 सालच्या म्हणून ठरलेल्या व प्रत्यक्षात 2021 मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला आणि त्यातील एक सुवर्णपदक तेरा वर्षांच्या एका जपानी मुलीने घेतले. चाकांच्या बुटांवरील शर्यतीत तर 2023 साली हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही चमूंना कांस्यपदक मिळाले, आणि पुरुषांच्या चौघांत सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे ही दोन नावे आपल्या ओळखीच्या वळणाची होती.

आता अशी कल्पना करू की रायपूरच्या पुरानी बस्तीत असा एक स्केटपार्क बांधावयाचे ठरले आहे, आणि एका अधिकाऱ्याला आज्ञा झाली आहे की खेळणाऱ्या मुलांच्या गरजा विचारून घ्या, प्रश्नावली तयार करा, महिन्याभरात अहवाल द्या. तो अधिकारी आपल्यापैकीच कोणी आहे असे समजण्यास हरकत नाही. तात्यापाऱ्याला ज्यांच्या नावावरून नाव मिळाले त्यांच्यापासून आजवर या गावात मराठी माणसाने दुसऱ्यांच्या वस्तीची कागदपत्रे पुष्कळ लिहिली आहेत.

पुरानी बस्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मोठी मोकळी जागा डोळ्यांसमोर आणू नये. महामाया मंदिराकडे जाणारे अरुंद रस्ते, टुरी हटरीचा भाजीबाजार, जवळच दूधाधारी मठ, एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, आणि आसपास पाण्याची जुनी ठिकाणे: बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब. छत्तीसगडातील जुन्या वस्तीचा श्वास या तलावांतून चालतो. मुलांच्या खेळण्याचीही पहिली जागा तीच. घाटाच्या पायऱ्यांवरून उड्या मारणे, ओल्या कडेवरून तोल सांभाळीत पळणे, पाण्याबाहेर आलेल्या दगडावर बसून दुसऱ्याला भिजविणे हे सगळे तेथे कोणी आखून न देता चालत आले आहे.

या घाटांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. पायरी किती उंचीची असावी, कपडे धुण्यासाठी दगड कोठे असावा, म्हाताऱ्या माणसाला धरून उतरता यावे म्हणून कडेला काय असावे, हे विचारण्यासाठी कोणी प्रश्नावली काढलेली नव्हती. तरी पायरी पायाला बेतलेली असते. याचे कारण असे की ज्याने ती घातली तो, किंवा त्याची आई, दुसऱ्या दिवशी तीच पायरी उतरणार होती. करणारा आणि वापरणारा एकाच गल्लीत राहत होते. विचारण्याचा प्रश्न या दोघांची ताटातूट झाल्यावर उत्पन्न होतो. नकाशा एका इमारतीत निघतो, पैसा दुसऱ्या शहरातून येतो, ठेकेदार तिसऱ्या गावचा असतो, आणि वापरणारा यांपैकी कोणालाच ओळखत नाही. या तुटलेल्या जागी घातलेली एक फळी म्हणजे प्रश्नावली. ती फळी किती भार सोसेल याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ॲरिस्टॉटलने आपल्या राजनीतीवरील ग्रंथात एक साधे निरीक्षण केले आहे. घर कसे झाले आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला अधिक कळते, सुकाणू सुतारापेक्षा नावाड्याला कळतो, आणि मेजवानीची परीक्षा आचाऱ्याने करावयाची नसते, ती पाहुण्याने करावयाची असते. प्लेटोनेही बासरी करणाऱ्याला बासरी वाजविणाऱ्याकडे शिकावयास पाठविले आहे. गुरुशिष्यांचे एकमत व्हावे असे प्रसंग फार नाहीत, म्हणून या एकमताला मान दिला पाहिजे. आपल्या उदाहरणात त्याची प्रचीती ताबडतोब येते. ज्या अभियंत्याने आयुष्यभर रस्ते व गटारे बांधली, तो स्केटपार्कचा पृष्ठभाग चांगला भक्कम आणि, पाय घसरू नये म्हणून, थोडा खरबरीत करील. त्याच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे. पण स्केटबोर्डचे चाक लहान असते. दोन लाद्यांच्या सांध्यात किंवा एखाद्या खड्यावर ते अडकले की फळी जागच्या जागी थांबते आणि मुलगा पुढे जातो. वाडग्याच्या तळाशी पाणी जावयाची वाट नसेल तर पावसाळ्यानंतर तेथे डबके राहते. वाडग्याच्या काठावर लोखंडी नळी बसवावी लागते आणि ती काठापेक्षा किंचित वर यावी लागते. ती सपाट बसविली की काठाचा उपयोगच जातो. आणि रायपूरच्या मे महिन्यात सावली नसलेल्या काँक्रीटवर दुपारी हात टेकवून पाहावा, म्हणजे वेळापत्रक कोणी करावयाचे ते समजेल. शिवाय 'खेळणारी मुले' हा शब्दही एक नाही. चाकांचे बूट घालून शर्यतीचा सराव करणाऱ्याला सपाट, लांबट वर्तुळाकार रिंक हवी असते. फळीवाल्याला उतार आणि कठडे हवे असतात. उड्या मारणाऱ्या सायकलवाल्याला आणखी मोठे उतार आणि पुढे थांबावयास मोकळी जागा हवी असते. तिघांना एकाच रकान्यात बसविले की तिघांच्याही उपयोगाची नाही अशी जागा तयार होते, आणि अहवालात मात्र तिघांचीही संमती असते.

म्हणून विचारले पाहिजे, येथवर वाद नाही. शहाणपणाचा हिशेब म्हणूनही ते परवडते. पण ज्ञान मिळविणे एवढेच जर विचारण्याचे प्रयोजन असेल, तर ते एखाद्या कुशल खेळाडूला चार दिवस बोलावूनही साधेल. पुरानी बस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या दारात जाण्याचे कारण राहत नाही. आणि येथेच आपल्या सिद्धान्ताला धक्का देणारे एक खरे उदाहरण जवळच उभे आहे.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे एक लहान खेडे आहे. वस्ती मुख्यतः आदिवासींची आणि यादवांची, आणि दोहोंमध्ये अंतर राखण्याची जुनी रीत. 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तेथे एक स्केटपार्क उभा केला. गावातल्या मुलांना आधी कोणी काही विचारले नव्हते, आणि विचारून उपयोगही नव्हता. फळीला चाके लावून तीवर उभे राहतात हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते. नियम दोन केले: जो शाळेत जाणार नाही त्याला फळी नाही, आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा. गावाने हे नियम सुचविले असते असे मला वाटत नाही. पुढे 2018 साली याच गावची आशा गोंड चीनमधील नानजिंग येथे स्केटबोर्डच्या जागतिक स्पर्धेत उतरली. 2014 साली जनवारमध्ये 'तुमच्या गरजा काय' अशी प्रश्नावली वाटली असती, तर विहीर, रस्ता, मास्तर, वीज अशी उत्तरे आली असती, आणि ती सगळी रास्तही असती. आशाच्या रकान्यात काय आले असते? बहुधा तिच्या वडिलांचे उत्तर.

हा आक्षेप हलका नाही. माणसाला काय हवे हे पुष्कळदा ती वस्तू समोर आल्यावरच त्याला कळते. इच्छा आधी आणि वस्तू मागून असा क्रम प्रत्येक वेळी नसतो. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेताना मुलांना आपल्या सिद्धान्तातून स्पष्टपणे वगळले होते, हेही ध्यानात ठेवावे. खेळणाऱ्यांची पाहणी म्हणजे तर आधीच खेळत असणाऱ्यांची पाहणी. ज्याच्यापाशी फळी आहे, ज्याचा बाप ती घेऊन देऊ शकतो, ज्याला संध्याकाळी घराबाहेर राहण्याची मुभा आहे, तोच उत्तर देतो; आणि त्याच्या उत्तरांवरून बांधलेली जागा पुन्हा त्याच्यासारख्यांचीच होते. व्हिएन्ना शहरात गेल्या शतकाच्या अखेरीस असे आढळून आले की वयाची साधारण नऊ वर्षे उलटली की मुली सार्वजनिक बागांतून दिसेनाशा होतात. बागेत येणाऱ्यांना विचारले असते तर त्या मुलींची उत्तरे आलीच नसती, कारण त्या तेथे नव्हत्याच. पुढे दोन बागांची रचना बदलली, चेंडूच्या एकाच मोठ्या पिंजऱ्याऐवजी निरनिराळे कोपरे व वाटा केल्या, तेव्हा त्या परत येऊ लागल्या. पुरानी बस्तीत हा आकडा काढावयास व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ नकोत. संध्याकाळी सहा वाजता कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहून किती मुलगे खेळताहेत आणि किती मुली भावंडाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या आहेत, हे मोजले तरी पुरे.

मग निष्कर्ष असा काढावयाचा काय, की ज्याला दूरचे दिसते त्याने विचारण्याच्या भानगडीत न पडता करून टाकावे? आपल्या वर्गाला हा निष्कर्ष फार आवडतो. तो आपल्याला मनातून आधीच मान्य असतो. जनवारसारखे उदाहरण सापडले की केवळ पुरावा मिळाल्याचा आनंद होतो. पण जनवारच्या बाईंनी जे केले त्याची दुसरी बाजू विसरता कामा नये. आधी विचारले नाही हे खरे, परंतु बांधून झाल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. मुलांबरोबर, त्यांच्या आईबापांबरोबर वर्षानुवर्षे बोलणे चालू राहिले. विचारणे आधी झाले नाही. ते मागाहून आणि दीर्घकाळ झाले. आपल्याकडे बहुधा उलट घडते: आधी एकदाच विचारावयाचे, आणि फीत कापल्यावर त्या वस्तीत पुन्हा पाऊल टाकावयाचे नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे घोटाळा होतो तो विचारण्याला आपण माहिती गोळा करण्याची क्रिया समजतो म्हणून. ती माहिती गोळा करण्याची क्रिया आहेच. पण त्यापूर्वी ती एक नैतिक क्रिया आहे. दहा वर्षांच्या मुलाला कागद देऊन 'तुला काय हवे' असे जेव्हा अधिकारी विचारतो, तेव्हा त्या मुलाच्या मनात जे उत्पन्न होते त्याला अपेक्षा म्हणतात, आणि ती उत्पन्न करणारा अधिकारी त्याचा ऋणी होतो. सावकाराच्या कागदावर सही करावी तसे हे आहे. फरक इतकाच की येथे सही दुसऱ्याकडून घेतली जाते आणि कर्ज आपल्यावर चढते. उत्तर मानलेच पाहिजे असे या ऋणाचे स्वरूप नाही. मुलाने शंभर फूट उंच उतार मागितला तर तो द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण का दिला नाही हे त्या मुलाला, त्याच्या भाषेत, त्याच्या गल्लीत जाऊन सांगणे हे त्या ऋणातले कमीतकमी देणे आहे. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार 1989 साली झाला आणि भारताने 1992 साली स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात मुलांचे मत ऐकून त्याला वय व समज यांच्या मानाने योग्य ते वजन द्यावे असे म्हटले आहे. वजन द्यावयाचे म्हणजे तराजू दाखविला पाहिजे. तो झाकून ठेवला तर वजन दिले की नाही हे फक्त दुकानदाराला ठाऊक.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने 1969 साली लोकसहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना हवे तसे वळवून घेणे, सर्वांत वर सत्ता लोकांच्या हाती असणे. 'मत विचारणे' ही पायरी तीत चौथी, आणि तिची गणना बाईंनी नुसत्या देखाव्यात केली आहे. मला ही शिडी जराशी कडक वाटते. आयुष्यात प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला वरच्या पायरीवर चढावयाचे नसते. पुष्कळदा माणसाला निर्णय नको असतो, त्याला फक्त आपण हिशेबात होतो एवढे कळावयास हवे असते. परंतु चौथ्या पायरीवर उभे राहून आठव्या पायरीचे भाषण करणे हा जो प्रकार आहे, त्यावरचा तिचा राग अगदी योग्य आहे. ज्याच्या टेबलावर नकाशा मंजूर होऊन पडला आहे, त्याने 'जागा कशी असावी' हे विचारू नये. त्याने म्हणावे की जागा ठरली आहे, पैसा एवढा आहे, वाडगा होणार नाही. पण वेळा, दिवे, बसण्याची जागा आणि बाहेरचे दार कोणत्या बाजूला, एवढे ठरावयाचे आहे, त्याबद्दल सांगा. प्रश्न लहान होतो, पण खरा होतो.

या गोष्टीचे मर्म आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळेल? बदलीच्या वेळी तीन पसंतीची ठिकाणे भरून द्यावयाचा कागद आपल्यापैकी पुष्कळांनी भरलेला असतो. पत्नीशी दोन रात्री खल करून, मुलांच्या शाळा, आईचे औषधपाणी, सगळे तोलून तीन नावे लिहावयाची, आणि हुकूम चौथ्याच गावाचा यावा! गाव वाईट असते असे नाही. कित्येकदा त्या चौथ्या गावातच आयुष्याची चांगली वर्षे जातात आणि पुढे तेथून निघताना डोळे भरून येतात. तरी तो कागद सलतो. न विचारता पाठविले असते तर मनुष्य नशीब म्हणून स्वीकारतो. विचारून न ऐकल्याचे दुःख त्याहून निराळ्या जातीचे असते, कारण त्यात आपल्या मनातली गोष्ट आपल्याकडून काढून घेतलेली असते.

खेळणाऱ्यांखेरीज इतरांचे काय, हाही एक भाग आहे, पण तो मी थोडक्यात आटोपतो. शेजारच्या घरात आजारी माणूस असेल, फळी काँक्रीटवर आपटल्याचा आवाज त्याच्या उशाशी जाईल. ज्या मोकळ्या तुकड्यावर उतार होणार तेथे आज कोणी बाई वड्या वाळत घालीत असेल. त्यांनाही विचारले पाहिजे, आणि त्यांचे म्हणणे मुलांच्या म्हणण्याविरुद्ध जाईल. तेव्हा निवाडा अधिकाऱ्यालाच करावा लागेल. पाहणीने निवाड्याचा भार उतरत नाही. बहुमताच्या आकड्यामागे लपण्याची सोय मात्र होते, आणि ती टाळली पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सगळ्यांना विचारून, सगळे मान्य करून बांधलेली जागाही मुले कदाचित नाकारतील. लंडनला थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, एका संगीतगृहाच्या खाली खांबांमधली जी ओसाड जागा होती, ती 1970 नंतरच्या वर्षांत फळीवाल्या मुलांनी आपली केली. ती त्यांच्यासाठी कोणी बांधलेली नव्हती. 2013 साली तेथे दुकाने काढण्याचे ठरले आणि मुलांना जवळच दुसरी, मुद्दाम बांधलेली जागा देऊ केली गेली. मुलांनी ती नको म्हटले. हजारो लोकांनी लेखी हरकती घेतल्या, आणि 2014 साली जुनी जागाच राखण्याचे ठरले. अमेरिकेत पोर्टलंड येथे तर 1990 साली बर्नसाइड पुलाखाली खेळणाऱ्यांनी कोणाचीही परवानगी न घेता स्वतःच काँक्रीट ओतून उतार बांधले आणि नगरपालिकेने ते मागाहून मान्य केले. सापडलेली जागा आणि दिलेली जागा यांत मुलाच्या दृष्टीने जो फरक असतो तो कोणत्याही प्रश्नावलीत मावत नाही. पुरानी बस्तीच्या तलावावर ती पायरी आणि तो दगड मुलांचे झाले ते अशाच रीतीने. घाटाची गोष्ट मी वर काढली ती जुन्याच्या प्रेमाने नव्हे. करणारा व वापरणारा पुन्हा एकत्र आले तर विचारण्याची गरजच कमी होते, आणि त्याला थोडी जागा सरकारी नकाशातही ठेवता येते. एक कोपरा रिकामा सोडावा, थोडे सिमेंट, थोडी वाळू आणि देखरेखीला एक जाणता गवंडी द्यावा, आणि तेथे काय व्हावयाचे ते एक वर्षानंतर त्या मुलांनी ठरवावे. लेखापरीक्षक या कोपऱ्यावर हरकत घेईल, हे मला दिसते आहे. त्याला उत्तर देण्यासाठीच तर आपल्याला पगार मिळतो.

तेव्हा त्या कल्पित अधिकाऱ्याची प्रश्नावली कशी असावी? 'तुमच्या गरजा कोणत्या' हा पहिला प्रश्न मी काढून टाकीन. त्याऐवजी विचारीन की सध्या कोठे खेळता, तेथून कोण हाकलतो, किती वाजता घरी परतावे लागते, फळी कोणाची आहे, ती कितीजणांत फिरते, बहीण येते का, येत नसेल तर ती काय सांगते. बहिणीचा प्रश्न बहिणीलाच, भाऊ जवळ नसताना, विचारला पाहिजे, आणि त्यासाठी एखाद्या बाईला पाठविले पाहिजे. वस्तीत घरी छत्तीसगढी बोलली जाते, तर कागद दफ्तरातल्या हिंदीत असून भागणार नाही. कागदाच्या मागच्या बाजूला, जेथे सहसा कार्यालयीन उपयोगासाठी जागा सोडतात, तेथे मुलांनी अधिकाऱ्याला विचारावयाचे प्रश्न लिहिण्यासाठी ओळी आखून द्याव्या. तेथे काय येईल याचा थोडा अंदाज करता येतो: दिवे किती वाजता बंद होणार, पैसे पडणार का, पडलो तर दवाखान्यात कोण नेणार, मोठी मुले आम्हांला हाकलतील तेव्हा कोणाला सांगावयाचे, आणि दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे राहणार.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अहवाल वर पाठविण्यापूर्वी लिहून ठेवावे, आणि किल्ली ज्याच्याकडे राहणार त्याचे घर त्या गल्लीपासून किती अंतरावर आहे, तेही.